पडद्यावरच्या मुंग्या

(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात केलेले भाषण)



यंदा वक्त्याने आपला विषय आपणच निवडावा असे चिटणीसबाईंनी ठरविले, म्हणून माझे हे धाडस झाले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. माझ्या आधी बोललेल्या भगिनींनी आहार, मुलींच्या परीक्षा, घरखर्चाची टिपणे अशा उपयोगाच्या गोष्टी सांगितल्या. मी जे सांगणार आहे त्याने कोणाच्या घरचा खर्च कमी होणार नाही. मी सांगणार आहे ते जुन्या टीव्हीवरच्या विनोदी मालिकांविषयी, आणि त्यातही त्यांच्या अंधुक, मुंग्या आलेल्या चित्राविषयी. तुम्हाला हसू आले, ते ठीकच. विषय हसण्याचाच आहे.

आमच्या घरी आता भिंतीवर मोठा टीव्ही आहे. त्यात नटीच्या पापणीचा केसन् केस मोजावा इतके स्वच्छ दिसते. पण दुपारची झाकपाक झाली की मी मोबाइल घेऊन बसते आणि जुन्या मालिकांचे भाग लावते. कोणी तरी पूर्वी घरच्या व्हीसीआरवर टेप केलेले, त्या टेपेवरून पुन्हा उतरविलेले, असे ते भाग असतात. चित्र थरथरते, कडेला पट्टे येतात, रंग एकमेकांत मिसळतात. माझा मुलगा म्हणतो, "आई, हे काय धुक्यातलं बघतेस?" त्याने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आहे, तेव्हा त्याचे म्हणणे खरेच असणार. तरी मला हे धुके गोड वाटते. का वाटते, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. तोच आज आपल्यापुढे मांडते.

आधी हे चित्र मुळात कसे होते ते सांगते, कारण आपल्यातल्या तरुण मुलींनी ते पाहिलेले नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रंगीत प्रक्षेपण आपल्या देशात १९८२ साली आले. पण रंगीत संच घेण्याची ऐपत किती जणांची? पुढेही कित्येक वर्षे आमच्यासारख्यांच्या वस्तीत काळापांढरा संचच होता. लाकडी पेटी, तिला सरकते शटर, आणि वर क्रोशाचा रुमाल. काही हौशी लोक काचेवर रंगीत प्लास्टिक लावीत. त्यात वरचा भाग निळा, मधला नारिंगी नि खालचा हिरवा असे. म्हणजे माणूस बसलेला असो की उभा, त्याचे कपाळ निळे आणि पाय हिरवे!

त्या वेळचे चित्र ६२५ आडव्या रेघांनी बनत असे, आणि त्यातल्या ५७६ रेघांतच चित्र असे. सेकंदाला २५ चित्रे, आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत यायचे. आधी एकाआड एक रेघा, मग मधल्या उरलेल्या. आपण शेवया घालताना आधी एक थर घालतो आणि मग मधल्या फटी भरतो, तसेच. आजच्या फोर-के संचात अशा २१६० ओळी असतात. व्हीसीआरच्या टेपेवर तर मूळ चित्रातला बारकावा आणखी पुष्कळ कमी होई, आणि टेपेवरून टेप केली की त्याहून कमी. हे सारे मला मुलाने समजावले. मी माझ्या शब्दांत सांगते आहे, चुकले तर हिशेब त्याच्याकडून घ्या.

माझे लहानपण लालबागच्या चाळीत गेले. वरळीचा दूरदर्शनचा मनोरा तिथून फार दूर नाही. तरी आमच्याकडे चित्र दुहेरी दिसे. प्रत्येक माणसाच्या उजव्या अंगाला त्याचीच एक फिकट सावली. थेट येणाऱ्या लहरींबरोबर भिंतींवर, उंच चिमण्यांवर आपटून येणाऱ्या लहरीही अँटेनात शिरतात. त्यांना वाट लांबची पडते, म्हणून त्या जरा उशिरा पोचतात आणि दुसरे चित्र काढतात. आमच्या भोवती तर गिरण्यांच्या चिमण्याच चिमण्या! पावसाळ्यात अँटेनाची तार सैल झाली की मुंग्या येत. मग एक मुलगा गच्चीवर, एक जिन्यात, एक खोलीच्या दारात. "आलं का?" "गेलं!" "आता?" "थोडं डावीकडे!" या आरोळ्यांत मालिकेचा अर्धा भाग संपून जाई.

टीव्ही आमचा नव्हता. तो चार खोल्या पलीकडच्या, बँकेत नोकरीला असलेल्या काकांचा. मुले पुढे फरशीवर, बायका उंबऱ्यापर्यंत, आणि पुरुष बाहेर गॅलरीत उभे राहून खिडकीच्या गजांतून पाहत.

आता मी जरा घरचे सांगते, कारण त्याशिवाय माझे म्हणणे पुरे होणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. माझे वडील त्यांतले एक. मी तेव्हा पाच वर्षांची. संप लांबत गेला, आणि वडिलांच्या हाताला पुन्हा साचा लागलाच नाही. आई गिरणीकामगारांची खानावळ चालवी. कामगारच गावी गेले, तेव्हा जेवायला येणार कोण? मग तिने पापड लाटले. पुढे सातवीनंतर माझी शाळा सुटली ती याच ओढाताणीत. वडील घरात बोलेनासे झाले. चिडत नसत, मारीत नसत, फक्त गप्प. गप्प माणसाच्या घरात लहान मुले सुद्धा पाय न वाजवता चालतात. ज्यांनी असे घर पाहिले आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

१९८४ साली दूरदर्शनवर 'ये जो है ज़िंदगी' ही मालिका सुरू झाली. शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी, फरिदा जलाल आणि सतीश शाह अशी त्यातली मंडळी. हिंदीतले विनोदी लेखक शरद जोशी यांनी ती लिहिली होती. सतीश शाह त्यात दर वेळी निराळ्या माणसाचे सोंग घेऊन येत. कधी कोण, कधी कोण! ते २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गेले, तेव्हा मला घरचेच कोणी गेल्यासारखे वाटले.

वडील त्या खोलीत कधी शिरले नाहीत. काकांकडून आम्ही उसने पैसे घेतले होते, त्याचा संकोच. ते गॅलरीत, सगळ्यांच्या मागे, कठड्याला टेकून उभे राहत. मध्ये खिडकीचे गज, गजांपुढे माणसांची डोकी, त्यापुढे बारा-पंधरा हातांवर तो लहानसा काळापांढरा पडदा, आणि पडद्यावर दुहेरी सावल्या नि मुंग्या. त्यांना चित्र म्हणून काय दिसत असेल ते देव जाणे. आणि एका रात्री मी त्यांना हसताना ऐकले. पाहिले नाही, ऐकले. मी पुढे फरशीवर होते. मागून, गॅलरीतून, मोठ्याने हसण्याचा आवाज आला आणि तो कोणाचा हे मला चटकन कळले नाही, इतका तो विसरला गेला होता. आईने उंबऱ्यावरून वळून पाहिले आणि पदर तोंडाला लावला. घरी परतताना ती म्हणाली, "तुम्हाला तिथून दिसत तरी होतं का काही?" वडील म्हणाले, "दिसायला कशाला हवं? कळतंय ना!"

भगिनींनो, मला विचाराल तर विनोदाचे सगळे शास्त्र त्या एका वाक्यात आहे.

विनोद चालतो कशावर? आवाजावर, थांबण्यावर, माणूस दारातून आत कसा येतो यावर, समोरच्याने उत्तर द्यायला किती वेळ लावला यावर. यांतल्या एकालाही बारीक चित्र लागत नाही. माझ्या जन्माच्या सुमारास मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशींच्या कथांवरून केलेली 'चिमणराव-गुंड्याभाऊ' ही मालिका होती. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आई सांगे, चित्र कितीही हलले तरी एक किडकिडीत नि एक आडवा, एवढे दिसले की पुरे, लोक हसायला तयार! आपल्याकडच्या कळसूत्री बाहुल्यांचेच पाहा. बाहुलीच्या चेहऱ्यावरची रेघही हलत नाही, तरी मुले पोट धरून हसतात. मान जराशी वाकडी झाली की बाकीचे मुले मनाने भरून काढतात.

१९८८ साली 'वागले की दुनिया' आली. ती व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून उतरलेली, दिग्दर्शन कुंदन शाह यांचे. अंजन श्रीवास्तव वागले, भारती आचरेकर त्यांची पत्नी. लक्ष्मण यांचा तो चौकटीचा कोट घातलेला सामान्य माणूस तुम्ही वर्तमानपत्रात पाहिला असेल. तो तोंडातून शब्द काढीत नसे, आणि काढलेला किती थोड्या रेघांत! कोणी असे म्हटले का, की लक्ष्मण यांनी कोटाचे सूत दाखवले नाही म्हणून हसू आले नाही? अंधुक टीव्ही मला त्या व्यंगचित्रासारखा वाटतो. थोड्या रेघांत माणूस उभा करायचा, आणि उरलेला आपण पुरा करायचा. आपण पुरा केला म्हणून तो आपला होतो. आमच्या चाळीत प्रत्येकाला वागल्यांचे घर आपल्याच खोलीसारखे वाटे. ती भिंत कोणत्या रंगाची हे कोणालाच दिसत नव्हते ना!

२०२१ साली वागले की दुनियेची नवी मालिका सुरू झाली. त्यात अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर हेच दोघे आता आजी-आजोबा होऊन आले. मला कोण आनंद झाला! मालिका चांगलीच आहे, तिला मी नावे ठेवीत नाही. पण चित्र इतके स्वच्छ, की माझे लक्ष संवादावरून उडून पडद्याच्या कापडावर जाई. ही चादर कुठून घेतली असेल, ओट्यावर तेलाचा एक डाग कसा नाही, असे मनात येई. गृहिणीच ती, तिला घर दाखवले की ती घरच पाहणार. जुन्या मालिकेत घर दिसतच नसे, म्हणून माणसे दिसत.

यावर माझ्या जाऊबाईंनी एक शंका काढली. त्या म्हणाल्या, "अगं, गोडी त्या चित्राची नव्हे, सगळ्यांनी मिळून बघण्याची. तुझं लहानपण आठवतं म्हणून तुला बरं वाटतं." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. शंभर माणसांत हसू लवकर पसरते. पण मग मी आज दुपारी एकटी, मोबाइलवर, तो भाग पाहते तेव्हाही गोडी का लागते? आणि माझ्या मुलाने केलेला एक प्रयोग ऐका. एआय म्हणतात त्या युक्तीने त्याने जुन्या मालिकेचा एक भाग स्वच्छ करून दाखविला. मुंग्या गेल्या, रेघा गेल्या. पण चेहरे मेणाचे दिसू लागले. मुलगा म्हणाला, "जे टेपेवर नाहीच ते मशीन अंदाजाने काढतं." म्हणजे जी जागा आपण मनाने भरीत होतो, ती आता यंत्राने भरली, आणि आपल्याला काम उरले नाही. विनोद तोच, शब्द तेच, पण मी हसले नाही. तेव्हा माझी खात्री झाली की गोडीचा काही भाग तरी त्या अंधुकपणाचाच आहे.

म्हणून जुने ते सारे सोने, असे मी म्हणणार नाही. क्रिकेटचा चेंडू त्या पडद्यावर दिसत नसे, लोक अंदाजाने टाळ्या वाजवीत. ज्ञानाच्या, औषधोपचाराच्या गोष्टी स्वच्छच दिसल्या पाहिजेत. आणि दुसऱ्याच्या दारात टीव्ही पाहायला जाण्यात सगळी मौजच होती असेही नाही. भाग रंगात आला की मुलींनाच हाक येई, "चल, पाणी भरायचंय!" मुलगे बसून राहत. आज माझ्या पुतणीला तिच्या हक्काचा पडदा आहे, तो किती तरी बरा. माझे म्हणणे एवढेच, की चित्र स्वच्छ झाले म्हणून हसू मोठे झाले असे होत नाही, आणि चित्र वाईट आहे म्हणून आतली वस्तू टाकाऊ ठरत नाही.

हे मी आज मुद्दाम का सांगते, त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण माझे वडील. ते आता ७८ वर्षांचे आहेत आणि माझ्याकडेच राहतात. आई गेली. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला विकार झाला आहे. डॉक्टरांनी सांगितले, आहे तेवढी नजर सांभाळायची. मधोमध धूसर दिसते, माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीचा त्यांना उपयोग नाही. नव्या मालिकांत पुष्कळसे नुसते दाखवितात, संगीत वाजते, कोणी बोलत नाही, आणि ते विचारीत राहतात, "काय झालं? काय झालं?" पण वागले लावले की त्यांना काही विचारावे लागत नाही. त्या मालिका अशा काळातल्या, की घरोघरी चित्र धड पोचत नसे. त्यांचा भार मला तरी बोलण्यावर नि आवाजावर वाटतो. आज तोच माझ्या वडिलांच्या कामी येतो. आपल्या घरी अधू नजरेची वडीलधारी माणसे असतील तर त्यांच्याजवळ बसून असा एखादा जुना भाग लावून पाहा. औषधाने उतरणार नाही तो कंटाळा उतरतो.

दुसरे कारण आपले मंडळ. कपाट साफ करताना मागच्या महिन्यात एका खोक्यात काही व्हीएचएस कॅसेटी सापडल्या. त्यात १९९९ सालच्या हळदीकुंकवाला आपल्या सभासदांनी केलेल्या विनोदी नाटुकल्याची कॅसेट आहे. मी तेव्हा या मंडळात नवी होते, पण ते नाटुकले मला आठवते. मिशी लावून सासरा झालेल्या आपल्या आजी-अध्यक्षीणबाई, आणि मिशी गळून पडली तेव्हा त्यांनी केलेला तो हजरजबाबी विनोद! त्या आज नाहीत. त्या नाटुकल्यातल्या आणखी दोघीही नाहीत. कार्यकारिणीत काही भगिनी म्हणाल्या की चित्र खराब, लावायला यंत्र नाही, टाकून द्याव्यात. त्यांचा हेतू जागा मोकळी करण्याचा, त्यात वाईट काही नाही.

पण माझी विनंती ऐका. असे यंत्र बनविणारा जगातला शेवटचा कारखाना २०१६ साली ते बनविणे थांबवून बसला. आहेत ती यंत्रे दरवर्षी कमी होणार. टेपेला दमट हवेत बुरशी लागते, आणि आपल्याकडचा पावसाळा आपल्याला माहीत आहे. टेपा महाग म्हणून पूर्वी मोठमोठ्या संस्थांनीही जुने कार्यक्रम पुसून त्यावर नवे घेतले. विलायतेत बीबीसीची 'डॅड्स आर्मी' नावाची १९६८ साली सुरू झालेली विनोदी मालिका आहे, तिच्या दुसऱ्या वर्षाच्या मालेतले तीन भाग आजही सापडलेले नाहीत. एवढ्या मोठ्या संस्थेचे गेले, तर आपल्या खोक्याला कोण विचारतो? आपणच विचारले पाहिजे.

म्हणून मी सुचविते की प्रत्येकीने थोडी वर्गणी काढून त्या कॅसेटी उतरवून घ्याव्यात. तोवर त्या उभ्या ठेवाव्यात, कोरड्या जागी, आणि जुन्या यंत्रात घालून पाहण्याचा मोह आवरावा, टेप अडकली की तुटते. आपापल्या माळ्यावर असतील त्याही शोधाव्यात. लग्नाच्या कॅसेटीमागे उरलेल्या जागेत कोणी तरी एखाद्या मालिकेचा भाग घेतलेला असतो, तो कदाचित दुसरीकडे कुठेच नसेल. उतरवणाऱ्याला मात्र एवढे सांगावे: बाबा, आहे तसेच उतरव. मुंग्यांसकट. आमच्या बायकांचे चेहरे अंदाजाने नवे काढू नकोस.

आणि ते नाटुकले आपण पुढच्या हळदीकुंकवाला सर्वांनी मिळून पाहावे. मी वडिलांनाही घेऊन येईन. त्यांना दिसणार नाही, पण कळेल.

 वर्गणीची वही मी चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवली आहे. जय हिंद, जय महाराष्ट्र.